कोणत्या उजेडातला रंग खरा?

जालन्यात मस्तगडाच्या परिसरातले एखादे कापडाचे दुकान घ्या, नाहीतर पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरचे. साडी पसंत पडली तरी बाई लगेच पैसे काढत नाही. साडी हातात घेऊन दाराशी येते, उजेडात धरून एकदा निरखते आणि मगच काय ते ठरवते. साडीला ब्लाउजचे कापड जुळवायचे असेल तर ही दाराशी जाण्याची क्रिया हमखास होते. दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

या साध्या सवयीत एक शास्त्रीय विधान दडले आहे. दिव्याखाली एकसारखे दिसणारे दोन रंग दिवसाच्या उजेडात एकसारखे दिसतीलच असे नाही, हे ते विधान. साडीच्या बाबतीत फसगत झाली तर नुकसान एका साडीचे. छापखान्यात मात्र एकदा चुकीचा रंग ठरला की हजारो ताव वाया जातात. त्यामुळे रंगीत छपाईच्या धंद्याला या प्रश्नाशी दीडशे वर्षांहून अधिक काळ झुंजावे लागले. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला त्या इतिहासाचा भाग आपण येथे पाहू आणि त्यातले विज्ञानही समजावून घेऊ.

दगडावरची चित्रे

बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शिळाछापाचे तंत्र शोधून काढले. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. दगड ओला केला की पाणी कोऱ्या भागावर राहते, तेलकट भागावर राहत नाही. मग तेलकट शाई फिरवली की ती फक्त चित्रालाच धरते. १८३७ मध्ये फ्रान्समधील गोदफ्रुआ एंगेलमान याने अनेक दगड वापरून रंगीत चित्रे छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. प्रत्येक रंगासाठी एक स्वतंत्र दगड आणि एकाच तावावर एकामागून एक ठसे, अशी ही पद्धत होती.

महाराष्ट्रात या तंत्राने देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली. तिच्या राम पंचायतनाच्या चित्राला महाराष्ट्रभर मागणी होती. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना सुरू केला. जर्मनीहून यंत्रे आली, फ्रिट्झ श्लायशर यांच्यासारखे जर्मन तंत्रज्ञ आले. पुढे प्लेगच्या काळात हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो श्लायशर यांच्याच मालकीचा झाला. १९७२ मध्ये आगीत त्याची मोठी हानी झाली.

मूळ तैलचित्रापासून असा छाप कसा तयार होई? सगळ्यांत अवघड काम होते रंगांची फोड करण्याचे. कारागीर मूळ चित्रासमोर बसून ठरवी की या शालूच्या तांबड्यात खाली पिवळा किती, वर गुलाबी किती, सावलीत निळा किती. मग त्या त्या रंगाचा अंश त्या त्या दगडावर ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवायचा. एका चित्राला दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त दगड लागत. त्यानंतर शाया घोटणे, प्रूफ काढणे, ते मुळाशी ताडून पाहणे आणि शाईत फेरफार करणे. या साऱ्या साखळीत मोजमापाचे एकही उपकरण नव्हते. निवाडा डोळ्याचा, आणि डोळ्याला मदत उजेडाची. तो उजेडच बदलला तर?

पिवळ्या शाईची गंमत

पांढऱ्या कागदावरची पिवळी शाई पिवळी का दिसते, येथून सुरुवात करू. पांढरा कागद त्याच्यावर पडणारा सगळा प्रकाश जवळजवळ सारखाच परत पाठवतो. पिवळी शाई त्यातला निळा भाग शोषून घेते, तांबडा आणि हिरवा भाग मात्र परत पाठवते. म्हणजे कागद आणि पिवळी शाई यांच्यात फरक असतो तो फक्त निळ्या भागात.

आता उजेडात मुळात निळा भागच कमी असेल तर काय होईल? कंदिलाच्या ज्योतीचे तापमान साधारण २००० केल्व्हिन धरा. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाबद्दल माक्स प्लांकने १९०० मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशेब केला तर ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाची ऊर्जा ६५० नॅनोमीटरच्या तांबड्याच्या साधारण बाविसावा हिस्सा येते. २७०० केल्व्हिनच्या तारेच्या बल्बमध्ये ती सहावा हिस्सा असते. दिवसाच्या उजेडात मात्र निळ्याचे पारडे तांबड्यापेक्षा थोडे जडच असते. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी तांबडे, मग पिवळे आणि शेवटी पांढरेशुभ्र दिसते, तोच हा नियम.

कंदिलाच्या उजेडात निळा प्रकाश इतका थोडा असतो की तो शोषला काय आणि परत आला काय, डोळ्याला विशेष फरक कळत नाही. म्हणून कागदावरचा फिकट पिवळा ठसा जवळजवळ दिसेनासा होतो. निळसर शाईची गोष्ट उलट. ती तांबडा भाग शोषते आणि दिव्याच्या उजेडात तांबड्याचीच रेलचेल असते. तेव्हा ती शाई आहे त्यापेक्षा काळपट दिसते.

समजा एखाद्या कारागिराने रात्री कंदिलाजवळ प्रूफ तपासले. त्याला पिवळा कमी पडलेला दिसेल. तो शाई वाढवील. निळा गडद वाटेल, म्हणून तो कमी करील. सकाळी तेच ताव अंगणात नेले की सीतेपासून मारुतीपर्यंत सगळ्यांना कावीळ झालेली! कारागिराची नजर पक्की होती. तिला मिळालेली सामग्रीच अपुरी होती.

म्हणूनच रंगाचा निवाडा दिवसाउजेडी करायचा हा छपाईचा जुना दंडक. त्याचा एक सामाजिक परिणामही ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा कामाचे तास सूर्यास्ताच्या पलीकडे लांबले. १९०५ च्या सुमारास त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा आली. माग रात्री चालू शकत होता. रंग जुळवणाऱ्याचा दिवस मात्र त्या दिव्यांनी लांबवता येत नव्हता.

उत्तरेची खिडकी

दिवसाचा उजेड म्हणजे तरी कोणता? सकाळचे ऊन पिवळसर, दुपारचे पांढरे, सायंकाळचे तांबूस. युरोपातील चित्रकारांनी आणि मुद्रकांनी यावर तोडगा काढला होता. खिडकी उत्तरेला ठेवायची. तिकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन जवळपास येतच नाही, आकाशाचा पसरट उजेड तेवढा येतो. म्युनिकच्या ४८ अंश अक्षांशावर हा नियम चांगला चालतो. भर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तेवढी तिरीप आत येते.

हाच नियम महाराष्ट्रात जसाच्या तसा उचलता येईल का? येथे भूगोलाच्या शिक्षकांची मदत घ्यावी. जालन्याचा अक्षांश सुमारे १९.८ अंश उत्तर. सूर्याची क्रांती २० मेच्या आसपास या आकड्याला पोहोचते आणि २४ जुलैच्या आसपास पुन्हा त्याच्या खाली येते. या दोन तारखांच्या सुमारास मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो, ते शून्य सावलीचे दिवस. त्यांच्या दरम्यानच्या सुमारे दोन महिन्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत आकाशाच्या उत्तर भागातच राहतो. २१ जूनला तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो. मळवली थोडी दक्षिणेला असल्याने तेथे हा काळ साधारण १५ मे ते २८ जुलै असा येतो. म्हणजे आपल्याकडे वर्षातले दोन-अडीच महिने उत्तरेची खिडकी हीच उन्हाची खिडकी असते! दुपारी सूर्य फार उंच असल्याने लहानसा छज्जाही पुरतो, पण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला छज्जा अडवत नाही.

या काळातला बराचसा भाग पावसाळ्यात येतो. ढगांचा पांढरा उजेड सुमारे ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे रंगाच्या दृष्टीने चांगला समतोल असतो. पण तो घटकाभरात निम्म्यावर येतो आणि पुन्हा वाढतो. पाऊस संपल्यावर निरभ्र उत्तर आकाशाचा उजेड बराच निळा, १०,००० केल्व्हिन किंवा त्याहूनही वर जातो. शिवाय खिडकीसमोर गवताने माखलेला उतार असेल तर त्याची हिरवी झाक आत येते ती वेगळीच. थोडक्यात, युरोपातून यंत्र आणता येते, दगड आणता येतो, कारागीरही आणता येतो. तेथला उजेड आणता येत नाही.

डोळ्याची हुशारी

येथे एक शंका निघेल. उजेड इतका बदलतो तर आपल्याला जग सतत रंग बदलताना का दिसत नाही? वहीचा कागद उन्हातही पांढरा दिसतो आणि बल्बखालीही. याचे कारण डोळा आणि मेंदू मिळून उजेडाच्या रंगाशी जुळवून घेतात. उजेड पिवळसर असला की निळ्याची संवेदनक्षमता तुलनेने वाढते आणि भोवतालातील पांढऱ्या वस्तूला पांढरे मानून बाकीचे रंग लावले जातात.

पण ही दुरुस्ती सरसकट असते. जी माहिती उजेडातच नाही ती डोळा निर्माण करू शकत नाही. म्हणून एकूण चित्र ठीक वाटते, आणि दोन रंगांची काटेकोर तुलना करताना मात्र फसगत होते. मुद्रकाच्या दृष्टीने हे अधिकच धोक्याचे. उजेड चुकीचा आहे याची सूचना डोळा त्याला देत नाही.

शेजारचे रंगही डोळ्याला चकवतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकामशाळेत रंगविभागाचा प्रमुख झाला. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने तपासले तर लोकर उत्तम रंगलेली होती. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता, त्यांच्यामुळे काळा मळकट दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. आजही रंग तपासण्याच्या खोलीच्या भिंती करड्या ठेवतात, त्यामागे हाच धडा आहे.

तीन रंगांत सारे जग

१८६१ मध्ये मॅक्सवेलने तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेतलेली तीन छायाचित्रे पडद्यावर एकावर एक टाकून रंगीत चित्र दाखवले. त्याच तत्त्वावर पुढे तिरंगी ब्लॉकची छपाई आली. कारागिराने डोळ्याने करायची रंगांची फोड आता कॅमेरा आणि रंगीत काचा करू लागल्या. निळ्या काचेतून पिवळ्याचा ब्लॉक, हिरवीतून किरमिजीचा आणि तांबडीतून आकाशीचा.

या तंत्राच्या मागे लागलेला एक मराठी माणूस आपल्याला वेगळ्या कारणासाठी माहीत आहे. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके तिरंगी ब्लॉक करायला शिकले, त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले, पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनी गाठली. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेबांची प्रकाशाशी ओळख छपाईतून झाली होती.

तिरंगी छपाईने उजेडाचा प्रश्न सुटला नाही, उलट तो अधिक टोकदार झाला. मूळ चित्रातला हिरवा चित्रकाराने एका खनिज रंगातून मिळवलेला, तर छापातला हिरवा पिवळ्या आणि आकाशी शाईच्या मिश्रणातून आलेला. दोन्ही पदार्थ वेगळे, त्यामुळे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत पाठवायचा याचा दोघांचा पाढा वेगळा. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. त्या तिघींना मिळणारी बेरीज सारखी आली की डोळा म्हणतो, रंग एकच. उजेड बदलला की बेरजेतले आकडे बदलतात आणि दोन्हींची उत्तरे वेगळी येऊ शकतात. ‘प्रत मुळाबरहुकूम आहे’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. ‘अमुक उजेडात’ हे दोन शब्द जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

ट्यूबलाइटने हा गुंता वाढवला. बल्बचा वर्णपट सलग असतो. ट्यूबच्या वर्णपटात पाऱ्याच्या वाफेच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषा सुळक्यांसारख्या उभ्या असतात. पांढऱ्या एलईडीत ४५० च्या आसपास निळा उंचवटा असतो. तिन्हींचा उजेड पांढराच म्हणायचा, पण त्या पांढऱ्याची घडण निरनिराळी.

उजेडाचा करार

अखेर उजेडाचेच प्रमाण ठरवावे लागले. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने प्रमाण डोळा आणि प्रमाण उजेड ठरवले. त्यातला ‘सी’ हा दिवसाउजेडाचा नमुना तारेच्या दिव्यापुढे दोन द्रावणे ठेवून मिळवत. त्यांत मोरचूद आणि कोबाल्टचा क्षार हे मुख्य पदार्थ होते. शाळेच्या प्रयोगशाळेत मोरचूद असतेच. पिवळट उजेडातला जास्तीचा तांबडा भाग ते कसे गाळते हे मुलांना सहज दाखवता येईल.

१९६४ मध्ये जड, मॅकअॅडम आणि विझेकी यांनी दिवसाच्या उजेडाच्या ६२२ मोजणींवरून नवा नमुना मांडला. मोजणी अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंड येथली होती, म्हणजे थंड प्रदेशांतली. मग उष्ण कटिबंधातल्या उजेडाचे काय? दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत शास्त्री आणि दास यांनी हाच प्रश्न हाती घेतला. १९६६ मध्ये त्यांनी दिल्लीच्या उत्तर आकाशाच्या वर्णपटाची आणि १९६८ मध्ये उष्ण कटिबंधातील दिवसाउजेडाची मोजमापे प्रसिद्ध केली. उत्तरेच्या खिडकीचा प्रश्न आपल्याकडच्या आकाशाला लावून पाहण्याचे हे काम शिक्षकांनी मुद्दाम सांगावे असे आम्हाला वाटते.

छपाईच्या धंद्याने आपल्यापुरता ५००० केल्व्हिनचा उजेड पत्करला. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रूफाची काटेकोर तुलना सुमारे २००० लक्स प्रकाशात, करड्या आणि चकाकी नसलेल्या भोवतालात करायची असते. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात जंबुपार किरणांनी निळसर चमकणारी द्रव्ये घालतात. त्यामुळे २००९ च्या आवृत्तीत दिव्यातील जंबुपार भागाबद्दलचे नियम अधिक कडक झाले.

अशा कराराचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर फडकत असते. राष्ट्रध्वजाच्या भारतीय मानकात केशरी आणि हिरवा हे रंग १९३१ च्या पद्धतीने, ‘सी’ उजेडातील आकड्यांनी दिलेले आहेत. आपल्याच मराठवाड्यात, नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. नांदेडचा केशरी आणि कर्नाटकात हुबळीला तयार होणारा केशरी एकच असावा, यासाठी ‘कोणत्या उजेडात’ हे आधी ठरलेले असावे लागते.

समईपुढचे चित्र

तर मग ५००० केल्व्हिनच्या दिव्याखालचा रंग खरा म्हणायचा का? रविवर्मांच्या छापखान्यातली लक्ष्मी दिवसाच्या उजेडात पारखली जाई. विकत गेल्यावर ती देवघरात लागे आणि समईच्या उजेडात दिसे. तेथे तिच्या दागिन्यांचा पिवळा अंगाच्या गोऱ्या वर्णात मिसळत असणार आणि कमळाची निळसर पाने काळवंडत असणार. तिच्यापुढे हात जोडणाऱ्यांसाठी चित्र तेवढेच होते. त्यांनी पाहिलेला रंग खोटा होता असे विज्ञान म्हणू शकत नाही. वस्तूच्या अंगी असते ती प्रकाश शोषण्याची आणि परतवण्याची रीत. रंग हा त्या रीतीचा, उजेडाचा आणि डोळ्याचा मिळून झालेला परिणाम. प्रमाण उजेड हा माणसांनी आपसांत केलेला ठराव आहे. दूर असलेल्या दोघांना एकाच रंगाबद्दल बोलता यावे, एवढ्यासाठी तो आहे, जसा मीटर किंवा किलोग्रॅम.

वर्गात करून पाहा

पांढऱ्या कागदावर पिवळ्या पेन्सिलीने फिकट अक्षरे आणि शेजारी आकाशी पेन्सिलीने तशीच अक्षरे लिहा. वर्ग अंधारा करून कागद मेणबत्तीजवळ धरा, मग खिडकीपाशी न्या. दोन्ही वेळा कोणती अक्षरे आधी वाचता आली ते मुलांना लिहायला सांगा. उत्तर आधी सांगू नका.

जुनी सीडी तिरपी धरून तिच्यात बल्ब, ट्यूब आणि एलईडी यांचे प्रतिबिंब पाहा. कोणता पट्टा सलग आहे आणि कोणता तुटक, याची चित्रे काढा.

करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापून एक काळ्या आणि एक पांढऱ्या कागदावर चिकटवा. ते एकाच कागदाचे आहेत यावर मुलांची पैज लावा.

आणि रसायनशास्त्राच्या तासाला एक सवय लावता येईल. लिटमस किंवा सामू-कागदाचा रंग आपण तक्त्याशी ताडून पाहतो, तेव्हा आपणही प्रूफ तपासणाऱ्या कारागिराच्याच जागी असतो. तक्ता छापलेल्या शायांचा, कागद वेगळ्या रंगद्रव्याचा. म्हणून प्रयोगवहीत ‘रंग फिकट हिरवा’ एवढ्यावर न थांबता पुढे एक ओळ वाढवावी: ‘उत्तरेच्या खिडकीपाशी, सकाळी ११ वाजता, आकाश ढगाळ.’